कांबरगडाचा दगड

हरणाबाईला पायरीगणिक शिसारी येत होती. खालच्या पायरीवर गुटख्याची पिचकारी, पुढं बिर्याणीच्या ताटल्या, दरवाज्याच्या कमानीवर रंगानं काढलेले बदाम आणि कुणाकुणाची नावं. वडूजकडनं कांबरगड चढायला उणापुरा तास लागतो. तेवढ्यात माणसं एवढी घाण करतात तरी कवा, देव जाणे.

तिच्या पदरात ओढ्यातला दगड होता. गडाची रीतच ती. वेढ्यात तोफेनं बुरूज पाडला, तवा धनगरवाडीनं सात दिवस घोंगड्यांतनं दगड वाहून तो पुन्हा उभा केला, असं वाडी सांगत आलीय. त्यात चमत्कार नाही की नवस नाही, नुसती माणसं मरमर राबली. तेव्हापासून वाडीतलं कुणी रिकाम्या हातानं वर जात नाही. हरणाबाई नवी सून होती तेव्हा पहिला दगड घेऊन चढली, आता साठी उलटली.

दोन सालांमागं बुरूज तिच्या डोक्याच्या वर होता. आता कमरेला लागत होता. चांगलं बांधलेलं घर उंदरांनी पोखरावं तसा.

वर एक जोडपं दगड हलवून हलवून मोकळा करत होतं. आष्ट्याचे भरतेश आणि दीपाली. नवऱ्याचं तोंड सुपारीनं भरलेलं. हरणाबाईचं डोकं फिरलं.

"ठिवा त्यो. लाज वाटती का न्हाई? बुरूज हाय, तुमच्या घरचं पोतं न्हवं."

"आजी, रागावू नका," दीपाली म्हणाली. "हा दगड घरात ठेवला की भावाभावांत फूट पडत नाही म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

दीपालीनं मोबाईल पुढं केला. त्यात हरणाबाईच बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, बुरुजाला टेकून, हात नाचवत हेच सांगत होती.

मागच्या चैत्रात एक कॅमेरावाला आला होता. दगड वाहिल्याची खरी गोष्ट ऐकून त्यानं जांभई दिली. मग हिनं जोडलं चार शब्द. त्यो ताठ बसला, आजी आजी करायला लागला. तिला लय भारी वाटलं होतं.

"म्या खोटं बोलले," ती म्हणाली. "असलं काय बी न्हाई. माझ्या मनाचं सांगितलं."

भरतेश हसला. "असं कसं आजी? आमच्या शेजाऱ्यांनी नेला, तर पंधरा वर्षांचं भांडण मिटलं."

तिनं पदर सोडला, ओढ्यातला दगड बुरुजाच्या खळीत बसवला, हाताच्या तळव्यानं दाबला.

मागनं दीपालीनं आपल्या हातातला जड दगड खाली ठेवला आणि तोच गुळगुळीत दगड अलगद उचलला.

"बाई, त्यो ओढ्यातला हाय. आत्ता आणलाय म्या."

"चालतंय की. तुमचा हात लागलाय त्याला."

दीपाली वाकून तिच्या पाया पडली. भरतेशनं बुरुजावर पिचकारी मारली, आणि दोघं उतरायला लागली. हरणाबाईनं पदराच्या टोकानं ती लाल थुंकी पुसली. पुसताना तिला त्या माणसाची नाही, स्वतःच्या तोंडाची किळस आली.