माझ्या हाताला उघडेल असं पिस्तूल

शनिवारी सकाळी ट्वायलाच्या बंदुकांच्या दुकानात शिरले, तर माझा दीर लॉइड तिथे आधीच ठाण मांडून बसलेला. कॉफीच्या भांड्याशेजारची खुर्ची त्याने वर्षानुवर्षं अडवून ठेवली आहे. हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की आमच्या गावातल्या पुरुषांना शनिवारी दुसरा उद्योग नसतो. माझ्याकडे बघून त्याने नमस्काराचं नावही घेतलं नाही.

"आली बघ," तो ट्वायलाला म्हणाला. "दे तिला एखादं हलकंफुलकं. गुलाबी बिलाबी."

"तुला कुणी बोलावलंय?" मी विचारलं.

"टीमचा कॅप्टन आहे मी. टीममधलं माणूस काय विकत घेतंय ते बघायला नको?"

"मग डोळ्यांनी बघ. तोंडाचं काम नाही."

आमच्या क्लबात हिवाळाभर दर मंगळवारी संध्याकाळी नेमबाजीची लीग चालते. पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, पिस्तुलं, कागदाची लक्ष्यं, पाच-पाच जणांच्या टीम. माझा नवरा एव्हरेट आयुष्यभर लॉइडच्या टीममधून खेळला. लांबलेल्या आजारपणानंतर मार्चमध्ये तो गेला, आणि शरद ऋतूत मी त्याचं पिस्तूल घेऊन त्याच्या जागेवर उभी राहिले. लॉइडला ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्याला ती जागा आपल्या सुनेला, कोर्टनीला, द्यायची होती. कोर्टनी वाईट खेळत नाही, खोटं कशाला बोलू. फक्त गोळी मारतानाही च्युइंगम चघळते.

क्लबचा एक नियम आहे. आपलं पिस्तूल आपणच भरायचं, आपणच उघडायचं, आपणच रिकामं करून दाखवायचं. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. गेल्या मंगळवारी रिकामी पुंगळी माझ्या पिस्तुलात अडकली आणि वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, काही केल्या मागे येईना. दोन्ही अंगठे लावून ओढलं, डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलेना. शेजारच्या लेनवरच्या म्हाताऱ्याला माझी कीव आली आणि त्याने ती ओढून दिली. लॉइडने लगेच सगळी रांग थांबवली. "पुढच्या मंगळवारी स्वतःचं स्वतः उघड," सगळ्यांसमोर म्हणाला, "नाहीतर जागा कोर्टनीला दे आणि तू आत स्वयंपाकघरात जाऊन चिलीच्या रश्श्याचं पातेलं ढवळ."

हसले लोक. मला ओळखणारे, ज्यांच्या पोरांना मी शाळेच्या बसमधून नेलं-आणलं, तेही हसले.

बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून माझ्या अंगठ्यांचे सांधे सुजलेत, हे खरं आहे. डॉक्टर म्हणाला, संधिवात. मी मनात म्हटलं, संपले हात. पण जागा सोडायची नव्हती मला. एव्हरेट गेल्यावर आठवड्यात ती एकच संध्याकाळ होती, जेव्हा मी घरात भिंतीकडे बघत बसलेली नसायचे. म्हणून माझ्या हाताला उघडेल असं पिस्तूल शोधायला मी आले होते.

ट्वायला चाळिशीची आहे, दंड सुताराचे, आणि बोलण्यात गोडवा औषधालाही नाही. "जुनं आणलंयस?" तिने विचारलं. फोनवर तिनेच सांगितलं होतं की जे उघडत नाही तेही घेऊन ये. मी पिशवीवर हात ठेवून मान हलवली. "असू दे. आधी ही बघ." तिने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि चार पिस्तुलं मांडली. प्रत्येकाचं गोळ्यांचं मॅगझिन काढून, उघडून, आत काही नाही हे दाखवून माझ्या हातात दिलं. तिने दाखवलं तरी मी पुन्हा करंगळी घालून बघितलं. तसं न करणाऱ्याला आमच्याकडे कुणी शहाणं म्हणत नाही.

पहिलं सडपातळ होतं. त्याला मागे दोन छोटे कान होते, ते चिमटीत धरून ओढायचे. ओढले, उघडलं. अंगठ्यात कळ गेली, पण उघडलं.

दुसऱ्याची नळी लांब आणि जड. नेम धरायला झकास, पण हात लांब करून तीन श्वास घेतले की टोक खाली झुकायला लागायचं.

"ते तुला पेलायचं नाही," लॉइड मागून म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

तिसरं हलकं, निम्मं प्लॅस्टिक. स्लाइड लोण्यासारखी सरकली. पण चाप! ओलं पोतं फरशीवरून ओढावं तसा तो चाप ओढला जायचा, आणि कधी सुटेल ते देवालाच ठाऊक. "हे कशाला ठेवतेस दुकानात?" मी ट्वायलाला म्हणाले. "गिऱ्हाइकं सगळी तुझ्यासारखी नसतात," ती म्हणाली. म्हणजे कौतुक की टोमणा, ते तिचं तिलाच माहीत.

मग चौथं हातात घेतलं. पोलादी, मध्यम वजनाचं. स्लाइडला मागे खोल खाचा, दोन बोटांना पुरेशा. मूठ अशी बसली की कुठे सरकवावी लागली नाही. ट्वायलाने आत प्लॅस्टिकची खोटी गोळी घातली, कारण पॉइंट टू-टू रिकामं चालवलं की आतली सुई नळीच्या कडेवर आपटते. मी चाप दाबला. काच तडकावी तसा तो सुटला, स्वच्छ.

"किती वेळ फक्त बघत बसणार?" लॉइड उठून आला. कपाटातल्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. "ते घे. ओढायची भानगडच नाही त्यात. म्हाताऱ्या बायकांसाठी तेच बरं."

"भराभर पाच गोळ्या मारायच्या फेरीत दर गोळीला त्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. माझा दुखतो तो अंगठाच. हे तुला माहीत नाही होय?"

"मी आपलं चांगल्यासाठी सांगितलं."

"तुझं चांगलं मला ठाऊक आहे."

त्याने कॉफीचा घोट घेतला आणि मग सहज सुचल्यासारखं म्हणाला, "बरं, नवं घेतलंस तर जुन्याचं काय करणार? पेटीत ठेवून गंजवशील. त्यापेक्षा मला दे. ट्वायला म्हणेल ती किंमत देतो."

म्हणजे इतका वेळ हा यासाठी बसला होता. माझ्या अंगात आग भडकली, पण मी काही बोलायच्या आधी ट्वायलाच बोलली.

"एक सांग अर्लीन. चार पिस्तुलं उघडलीस तू. चेहरासुद्धा वाकडा केला नाहीस फारसा. मग ते जुनं का उघडत नाही? दाखव इकडे."

मी पिशवीतून एव्हरेटचं पिस्तूल काढलं, मॅगझिन बाजूला, नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे. ट्वायलाने स्लाइड धरली आणि ओढली. तिच्या त्या दंडांनी ओढली. अर्धी आली आणि तिचा चेहरा लाल झाला.

"हा काय प्रकार आहे?" ती म्हणाली. दात आवळून तिने ती पूर्ण ओढली, नळी रिकामी असल्याचं बघितलं आणि पिस्तूल खोलायला घेतलं. आतली स्प्रिंग काढून कापडावर ठेवली. मग खणातून दुसरी काढून तिच्याशेजारी ठेवली. मला चष्म्याची गरज पडली नाही. आमच्या पिस्तुलातली जाड तारेची होती.

"ही याची नव्हेच," ट्वायला म्हणाली. "कडक गोळ्या मारणारे लोक असली घालतात. क्लबातल्या मवाळ गोळ्यांना ही स्लाइड मागे ढकलवणार कशी? पुंगळ्या अडकत असतील तुझ्या."

"अडकतात. लॉइड म्हणतो, माझं मनगट ढिलं आहे."

आम्ही दोघींनी एकदमच लॉइडकडे बघितलं. क्लबातल्या निम्म्या पिस्तुलांची डागडुजी तो करतो. त्याने कप खाली ठेवला आणि छताकडे बघायला लागला.

"तू," मी म्हणाले. "तू घातलीस ही. मेलेल्या भावाच्या बायकोचे हात गेले असं गावभर पसरवलंस. अख्खा हिवाळा मी माझ्या हातांवर रडले. मुलीला फोन करून सांगितलं, आता तुझी आई काही कामाची राहिली नाही. आणि तू बसून कॉफी पितोस! लाज विकून खाल्लीस का रे? मंगळवारी ही स्प्रिंग सगळ्या रांगेसमोर तुझ्या कपाळावर चिकटवते की नाही बघ."

"मी पण येते," ट्वायला म्हणाली.

लॉइड उभा राहिला. मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. "मी नाही घातली."

"मग कोणी? उंदरांनी?"

"एव्हरेटने."

"मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडतोस?"

"स्प्रिंग मी आणून दिली, हे मान्य आहे. बसवली त्याने. गेल्या जानेवारीत, तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तू तिथेच पाठमोरी सूप गरम करत होतीस. पिस्तूल बाबांचं होतं. मोठा म्हणून त्याला मिळालं, आणि 'माझ्यानंतर तुझं' असा त्याने मला शब्द दिला होता. पण त्याला पक्कं माहीत होतं, तू ते सोडणार नाहीस. मी म्हटलं, सांग ना मग बायकोला तोंडाने. तर म्हणाला, 'अर्लीनला नाही म्हणायचं माझ्याच्याने होत नाही, लॉइड. स्प्रिंगला म्हणू दे.'"

खोटारडा म्हणून मी ओरडणारच होते, पण तेवढ्यात लक्षात आलं. असलं वाक्य रचायची अक्कल लॉइडमध्ये नाही. हे वाक्य एव्हरेटचंच होतं.

मला माझ्या बहिणीकडे ईरीला जायचं असलं की नेमकी ट्रकची बॅटरी उतरायची. मला वाटायचं, आमचे ट्रकच पनवती. कुत्रा पाळायचा म्हटलं, तर एव्हरेट म्हणाला, घरमालक नको म्हणतो. घरमालक दुसऱ्याच वर्षी मला विचारत होता, कुत्रा का नाही पाळत तुम्ही? तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. एव्हरेट माझ्यावर कधी आवाज चढवायचा नाही. अख्खं गाव मला म्हणायचं, नशीबवान आहेस. उभा संसार झाला, पण या माणसाने मला एकदाही तोंडावर नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचं काम बॅटऱ्यांनी केलं, घरमालकाने केलं, आणि शेवटी एका तारेच्या वेटोळ्याने केलं. मी सूप आणून त्याच्यासमोर ठेवलं होतं त्या दिवशी. त्याने स्प्रिंग बसवलेलं पिस्तूल फडक्याने पुसलं आणि म्हणाला, छान झालंय, मीठ बरोबर आहे.

"आणि तू?" मी लॉइडला म्हणाले. "तुला सगळं माहीत होतं. तरी सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस."

"मला वाटलं, दोन-तीन मंगळवारांत कंटाळशील. तू सोडतच नव्हतीस," तो तेवढ्याच रागाने म्हणाला. "माझं आहे ते, अर्लीन. तीस वर्षं वाट बघतोय मी त्याची."

"मग मागायचं होतंस."

"दिलं असतंस?"

नसतं दिलं. पण ते त्याला कशाला सांगू?

ट्वायला मात्र कामाला लागली होती. तिने योग्य स्प्रिंग बसवली आणि पिस्तूल माझ्यापुढे सरकवलं. मी ओढलं. दोन बोटांत आलं. पूर्वी कोठारामागे कुंपणावर डबे मांडून मी आणि एव्हरेट नेम मारायचो, तेव्हा यायचं अगदी तसं. मला आनंद व्हायला हवा होता. माझे हात गेलेले नव्हते. पण मला भयंकर संताप आला होता, आणि संतापलेल्या हाताने पिस्तूल धरू नये, म्हणून मी ते खाली ठेवलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. एव्हरेट यातूनही सुटला.

"उघडतंय की आता," लॉइड जमिनीकडे बघत पुटपुटला. "ठेव मग तुझं तुला. खेळ त्याच्यावर."

"नको."

"नको म्हणजे?"

"म्हणजे नको. ट्वायला, हे विकायला ठेव. कपाटात, समोर, किंमत लावून."

लॉइडचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मला तरी विकशील ना?" तो ट्वायलाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात विनवणी आली.

"विक त्याला," मीच म्हणाले. "तोही गिऱ्हाईकच आहे. पण पुरी किंमत घे. भाऊबंद म्हणून एक डॉलर सोडू नकोस. आणि लॉइड, मंगळवारी क्लबात कुणी विचारलं की हे तुझ्याकडे कसं आलं, तर नीट सांग. नाहीतर मी सांगेन, आणि मला लांबण लावायची सवय आहे."

त्याने मान हलवली. शरमेने की खुशीने, कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं, आणि त्या खुशीचा मला अजून राग येतो.

"आणि तू काय घेणार?" ट्वायलाने विचारलं.

मी चौथ्यावर हात ठेवला.

"ते जुन्याइतकं अचूक नाही, आधीच सांगते."

"माहीत आहे मला."

गिऱ्हाइकाची नोंद तपासायला राज्याच्या ऑफिसला फोन लावण्याआधी दुकानदाराला त्याला एक प्रश्न विचारावाच लागतो. रोज विचारून विचारून ट्वायलाला तो पाठ झाला आहे, आणि लोकही न ऐकताच हो म्हणून टाकतात. फोन हातात घेऊन, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "पिस्तूल स्वतःसाठीच घेतेयस ना? दुसऱ्या कुणासाठी नाही ना?"

इतरांसारखं न ऐकताच हो म्हणून टाकणं मला जमलं नाही. ट्वायलाने फोनवरून मान वर केली. लॉइडही बघायला लागला.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणासाठी नाही. माझ्यासाठी."

"बहिरी नाहीये मी," ट्वायला म्हणाली आणि नंबर फिरवायला लागली.