पंधरावा गॉगल

सुमेधाने चौदावा गॉगल डोळ्यांवर चढवला, मान वर करून दुकानातल्या ट्यूबकडे पाहिलं आणि तो काढून ट्रेमध्ये ठेवला.

"हा कानामागं चावतो."

दुकानदार राधेश्यामने पंधरावा काढला. भोकरदनमध्ये त्याचं बावीस वर्षांचं दुकान. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि चष्मा घेतं, एवढंच त्याला ठाऊक. ही पोरगी आरशाकडे ढुंकूनही बघत नव्हती. काड्या उघडून-मिटून त्यांचा आवाज ऐकत होती, फ्रेमचा वास घेत होती.

"हा घे की, एकदम काळा," तिचे वडील तातेराव ट्रेमधला एक उचलून म्हणाले. "सूर्य बी दिसणार न्हाई."

"मला सूर्य न्हाई बघायचा, ताई बघायचीय. अन् डॉक्टर म्हणले, आतमधी काळा घालायचा न्हाई. डोळ्याला अंधाराची सवय लागती, मंग उजेड अजून टोचतो."

रविवारी संध्याकाळी थोरल्या आकांक्षाचं लग्न होतं. सुमेधा ऑटिस्टिक. वीस वर्षांची झाली तरी झगझगीत उजेडाने तिच्या डोळ्यांत मिरची पडल्यागत होई. चुलत भावाच्या लग्नात फोकस लागले तशी ती पंगतीच्या टेबलाखाली जाऊन बसली, ती मांडव रिकामा झाल्यावरच बाहेर आली. या वेळी मात्र तिने ठरवलं होतं, करवली म्हणून ताईच्या मागे शेवटपर्यंत उभं राहायचं. ते जमेल की नाही, या काळजीने तातेरावांचं जेवणावरचं मन उडालं होतं.

आणखी एक काळजी होती, ती ते कुणाला सांगत नव्हते. त्यांच्या धावडा गावात काळा चष्मा घालणारे दोघंच, मोतीबिंदू काढलेला म्हातारा आणि वरातीतला नवरदेव. पोरगी दोघांतही बसत नव्हती. गाव विचारल्याशिवाय थोडंच राहणार?

गाव लगेचच दुकानात आलं. धावड्याचा मंडपवाला कडूबा आपल्या चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आला होता.

"काय तातेराव, पोरीला गॉगल? काय झालं?"

"आपरेशन," तातेराव बोलून गेले. "मोतीबिंदूचं."

राधेश्यामचा काच पुसणारा हात थांबला.

"या वयात?" कडूबा बाकावर टेकला. त्याच्या आईचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे तो या विषयातला अर्धा डॉक्टर होता. "मंग पथ्य बराबर पाळा. डोक्यावरून पाणी न्हाई, चुलीपुढं न्हाई. अन् चाळीस दिवस मांडवात पाय ठेवायचा न्हाई. धुरळा बसला की डोळा गेलाच."

सुमेधाच्या डोळ्यांवर पंधरावा गॉगल होता. फिकट तपकिरी काचा, हलकी फ्रेम. बराच वेळ झाला तरी तिने तो काढला नव्हता. आता तिने काढला, नीट मिटला आणि ट्रेमध्ये ठेवला.

"मंग मी लग्नाला यायचं न्हाई का, बाबा?"

तातेरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"यायचं गं," ते म्हणाले आणि कडूबाकडे वळले. "आपरेशन-बिपरेशन काही न्हाई. मी खोटं बोललो. हिला ऑटिझम हाय. हुशार हाय पोरगी, पण उजेड सहन होत न्हाई. मांडवातले फोकस लागले की पळून जाती. म्हणून चष्मा."

गावातल्या माणसापुढे हे ते पहिल्यांदाच बोलले. आता कडूबा काय म्हणतो म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

कडूबाने बराच विचार केला.

"फोकस म्हणजे, मी लावणार हाय ते?"

"तेच."

"मंग बारा कशाला सांगितले? मी सहाच म्हणून राह्यलो होतो. तुम्हीच म्हणले, बारा लाव, मांडवात दुपार झाली पाहिजे."

राधेश्याम खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला. तातेरावांनी ट्रेमधल्या गॉगलच्या ढिगाकडे पाहिलं आणि रुमालाने तोंड पुसलं.

"चार लाव," ते म्हणाले.

"शूटिंगमधी तोंडं दिसणार न्हाईत. मंग मला बोलायचं न्हाई."

"न दिसू दे. पाव्हण्यांनी पाह्यलेली हायत."

"ते चार बी मांडवाच्या कापडाकडं फिरवा," सुमेधा म्हणाली. तिने पंधरावा गॉगल पुन्हा उचलून डोळ्यांवर ठेवला. "हा घ्यायचाय. चावत न्हाई."

कडूबाने मान डोलावली. आता तो तिच्याशीच बोलू लागला.

"असं कर बाई, शनिवारी दिवस मावळता मांडवात ये. एकेक लावून दाखवतो. टोचला की सांग, तिथंच फिरवू."

"येते," सुमेधा म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही नका येऊ. तुम्ही फोकस वाढवता."

खिशात हात घालून तातेराव गॉगलचे पैसे काढू लागले.