औषधाची बाटली आणि दुधातलं विष

मित्रांनो, माझ्या पोटात एक खून आहे. घाबरू नका, तो छापलेला आहे. मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. एका लहान गावातलं मोठं घर, त्या घराने लपवलेली गुपितं आणि सुनेच्या दुधात विष कालवणारं कुणीतरी, अशी माझी गोष्ट.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. पिंपरीचे बबनराव सायकलवरून घरोघरी भाड्याने पुस्तकं वाचायला द्यायचे, त्यांनी मला खाकी कव्हर घातलं. कामगारांच्या चाळींतून मी खूप फिरले. एका खोडकर वाचकाने तिसऱ्याच पानावर खुन्याचं नाव लिहिलं होतं. बबनराव बिचारे अर्धा तास खोडरबर घासत बसले!

१९७४ साली मी नीलाच्या घरी आले. नीला कॉलेजात शिकलेली. पदरात पाच महिन्यांची छकुली. नवरा ज्योतीराम कंपनीत, कधी या शिफ्टला तर कधी त्या. घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे सासू चतुराबाई, भूम तालुक्यातल्या खेड्यातून नात सांभाळायला आलेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती.

नीला मला वाचायची आणि मध्येच उठून छकुलीचा श्वास बघून यायची. माझ्यातल्या घरातही एक अबोल म्हातारी होती. हळूहळू नीलाची नजर माझ्या पानावरून चतुराबाईंकडे वळू लागली. त्या रोज दुपारी पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर जायच्या. पलीकडच्या चाळीतल्या गिरजाबाईकडे जाते, म्हणायच्या. एके दिवशी गिरजाबाईच दारात येऊन विचारू लागली, चतुराबाई हायेत का, महिना झाला दिसल्या न्हाईत.

त्या संध्याकाळी चतुराबाईंनी छकुलीसाठी दूध कोमट करून आणलं. नीलाने ते मोरीत ओतलं. चतुराबाईंनी ते पाहिलं आणि रिकामी वाटी उचलून घासायला घेतली. मित्रांनो, विष माझ्या पानांत होतं, त्या वाटीत नव्हतं. पण छापलेल्या अक्षरांना ओरडता येत नाही.

पदराखाली काय असायचं ते मला ठाऊक होतं. मीच असायचे! मायलेकी झोपल्या की चतुराबाई मला चाळीजवळच्या बुद्धविहारात नेत. तिथे कुसुमताई बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. घरात छापील असेल ते आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. कुणी कॅलेंडर आणलं, कुणी पुडीचा कागद, चतुराबाईंनी मला. त्या रोज दोन ओळी वाचत. वर्गातली भिमाबाई म्हणायची, "चतुरे, या चालीनं तुझा खुनी म्हातारपणानंच मरंल."

इकडे नीलाने थोरल्या दिरांना पत्र लिहिलं. टपालात टाकेपर्यंत ते माझ्या पानांत ठेवलं. सासूला वाचता येत नाही, तेव्हा याहून सुरक्षित जागा कुठली?

दुसऱ्या दिवशी विहारात मला उघडलं तेव्हा पत्र बाहेर आलं. सुनेचं गोल अक्षर पाहून चतुराबाई कौतुकाने वाचू लागल्या. तीन-चार शब्दांनंतर त्यांचं बोट थांबलं. कुसुमताईंना वाटलं, शब्द अडला. चतुराबाईंनी डोळे दुखतात असं सांगितलं आणि मला छातीशी धरून त्या घरी आल्या.

नीला जागी होती. चतुराबाई तिच्यासमोर बसल्या, पत्र उलगडलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. "आ-त्या-बाईं-ना... येऊन... घेऊन जा. मला... त्यांची... भी-ती... वाटते."

नीलाने पत्र हिसकावलं नाही.

"बराबर वाचलं का, नीला?"

नीलाने मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही शिकताय, मला सांगितलं का नाही?"

"छकुलीला ताप आला तवा तू नळावर गेलती. औषधाच्या दोन बाटल्या फुडं, आन् कुठली द्यावी ते मला कळंना. तू एवढी शिकलेली, तुला इचारायची लाज वाटली." त्यांनी पत्राची घडी घातली. "आन् दूध मोरीत वतलंस, ते तरी तू मला कुठं सांगितलंस?"

नीलाने छकुलीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. चूल पेटवली, दूध कोमट केलं आणि वाटी-चमचा चतुराबाईंच्या हातात दिला. मग ती मला उघडून शेजारी बसली. "दुधात विष कालवणारी एक म्हातारी असावी यात," ती म्हणाली. "मी तुम्हाला तीच समजले."

चतुराबाईंनी नातीला सगळं दूध पाजलं. मग म्हणाल्या, "वाच की मग. कोण हाय ती भवानी, मलाबी बघू दे."

पण वाचलं त्यांनीच. मला संपवायला त्यांना पुढचं सगळं वर्ष लागलं. बबनरावांनी कुरकुर केली आणि शेवटी मला तिथेच राहू दिलं. खुनी सापडला तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, "मला पयल्यापास्नं त्याचाच सवंशय हुता." तसा संशय त्यांना मुळीच नव्हता. मी साक्षीला आहे.

आता १९८२ साल आहे. माझी शिवण उसवली आहे, कोपरे मऊ झाले आहेत. महिनोन्‌महिने कुणी मला उघडत नाही. त्याचं फार दुःख नाही. एवढं प्रेमाने, अक्षर-अक्षर करून किती पुस्तकं वाचली जातात?

मित्रांनो, आमची पानं दुमडू नका, तिसऱ्या पानावर खुन्याचं नाव तर मुळीच लिहू नका. आणि घरातलं कुणी मोठं माणूस बोट ठेवून, अडखळत वाचत असेल, तर घाईने पुढचा शब्द सांगू नका. जवळ बसा. तो शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या.