निघताना ‘येते’ म्हणतात

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. नुसती जुनी नाही, मधोमध चिरलेली. न्यूझीलंडच्या अप्पर हट शहरातल्या एका गॅरेजात लॉनमोवरच्या मागे मी उभी असते. कोळी माझ्यावर जाळी विणतात. विणू देत बापडे!

माझा जन्म नाशकातला. द्रौपदीबाईंचा गुडघा दुखू लागला, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, दादारावांनी, सुरगाण्याच्या बाजारातून भरीव बांबू आणला. तो विस्तवावर शेकून सरळ केला, तेल पाजलं आणि मूठ बायकोच्या तळव्याच्या मापाची घासली. पुढे दादाराव गेले. शेजारणी म्हणायच्या, "द्रौपदीबाई, तुम्हाला कसली काळजी? न्यूझीलंडला मुलगा आहे ना, तुमची म्हातारपणाची काठी!" मला मेलीला असा राग यायचा! त्यांना धरून दवाखान्यात कोण नेत होतं? मी की तो?

मग मुलानं, मैत्रेयनं, आईला इकडे बोलावलं. विमानतळावर किडे शोधायला मला उलटंपालटं केलं, आणि तपासणारा माणूस म्हणाला, "ब्यूटिफुल!" या देशात माझं झालेलं कौतुक तेवढंच.

मैत्रेय औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, सून श्रद्धा नर्स. दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट. नात सलोनीला मराठी कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. आजी दिवसभर खिडकीशी बसायची. परत जायचं तिकीट जवळ आलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "बाळा, लहानपणी माझं बोट धरून चालायचास. एकदा मला तुझ्या हाताला धरून नदीपर्यंत ने."

त्या शनिवारी आम्ही ट्रेननं डोंगरापलीकडच्या एका लहान गावी गेलो. जुनी लाकडी दुकानं, चर्च आणि त्याच्या हिरवळीवर भरलेला बाजार. गावाबाहेर कुरणांतून नदीकडे पायवाट जाते. आजीनं ठेवणीतली साडी नेसली होती, वर मुलाचं जुनं जाकीट. नवी नवरी काय मिरवेल, अशी ती मिरवत होती!

चीजच्या दुकानात लाकडी जमिनीवर माझा टक्‌टक् आवाज झाला. मैत्रेय दातओठ खात म्हणाला, "आई, लोक बघतायत. बाहेर थांब ना जरा." ती बाहेर वाऱ्यात थांबली. आतून तिघांच्या हसण्याचा आवाज येत होता. चीज चाखून ते बाहेर आले. हिच्यासाठी एक तुकडा आणावा, हे कोणालाच सुचलं नाही.

गावाबाहेर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या. आजीनं एका हातात मला घेतलं आणि दुसरा हात मुलापुढे केला. त्यानं तो धरला नाही.

"नाही जमायचं तुला. इथंच बस."

"हळूहळू येते की रे."

"अगं, हळूहळूच तर नको झालंय! महिन्यातून एक सुट्टी मिळते, तीही तुझ्यामुळे मातीत!"

"मैत्रेय, अरे..." एवढंच श्रद्धा म्हणाली, आणि त्याच्यामागून निघाली.

आजी बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. सलोनी मेंढ्या बघत मागे रेंगाळली होती. आजीनं कुंपणावरून तिच्या गालावरून हात फिरवला. "येते गं मी," ती म्हणाली, आणि स्टेशनच्या रस्त्याला वळली.

सलोनी मागे न बघताच धावत पुढे गेली. "डॅड! आजी इज कमिंग!"

"येऊ दे मग सावकाश," तो म्हणाला, आणि ते निश्चिंत मनानं नदीवर गेले.

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेनं चाललो होतो. दुधाचा टँकर भरधाव गेला. त्याच्या वाऱ्यानं आजीचा तोल गेला, माझं टोक खडीत रुतलं आणि मी कडकन चिरले. ती कडेच्या चारीत पडली. मोडलेलं मनगट छातीशी धरून तिनं "मैत्रेय" अशी एकच हाक मारली. पुन्हा काही मारली नाही. शेवटी गमबूट घातलेल्या एका शेतकरीणबाईंनी गाडी थांबवली. "किआ ओरा, लव्ह," असा तिकडचा नमस्कार करत तिला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातून फोन गेल्यावर मैत्रेय तिथं आला तोच तणतणत. "हललीस कशाला तिथून? सलोनीला 'येते' म्हणाली होतीस ना?"

आजीनं शांतपणे विचारलं, "आपल्यात निघताना काय म्हणतात रे?"



पुढच्या आठवड्यात प्लास्टर घातलेल्या हातानं ती निघाली. मी चिरलेली, शिवाय विमानतळावर तिला चाकाची खुर्ची मिळालेली. मला मैत्रेयच्याच हातात सोडलं. तो रडत होता. "आई, पुढच्या वर्षी नक्की ये हं. नदीवर जाऊ."

आजीनं श्रद्धाला जयभीम केला, सलोनीचा मुका घेतला. मग मुलाकडे बघून म्हणाली, "जाते."

मित्रांनो, आपल्यात परत यायचं असेल, तर कोणी 'जाते' म्हणत नाही.

"डॅड," सलोनीनं विचारलं, "धिस टाइम शी मीन्स गोइंग, राइट?"

मला घट्ट धरून तो उभा राहिला.

माझं एवढंच मागणं आहे. घरातलं म्हातारं माणूस 'येते' म्हणालं, की नुसता शब्द ऐकू नका. त्याचे पाय कुठे वळलेत ते बघा, आणि हात पुढे केला असेल, तर तो धरा. मला तेल पाजून, चीर बांधून पुन्हा उभं करता येईल. मैत्रेय करूनही बघतो अधूनमधून. पण माझी मूठ त्याच्या हातात बसत नाही. ती त्याच्या आईच्या मापाची आहे.