पिवळ्या गुलाबाखालचा खुंट

मी एक जुना रानगुलाबाचा खुंट आहे. मित्रांनो, गुलाबाचे कौतुक सगळे करतात. तो ज्याच्या मुळांवर उभा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे दुःख वेगळे आहे.

१९७४ साली मालनबाईंनी मला सायखेड्याच्या एका कुंपणातून काढून नाशिकरोडला आणले. बाई शाळेत शिक्षिका, त्यांचे यजमान मल्हारीराव छापखान्यात. अंगणात डालडाच्या डब्यांत लाल, केशरी, दुरंगी असे सतरा जातींचे गुलाब होते. माझ्या सालीला चीर देऊन बाईंनी पिवळ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, आत बसवला आणि पट्टीने बांधला. तो फुटल्यावर माझा शेंडा छाटला. दुखले फार. पण पहिले पिवळे फूल उमलले, तेव्हा ते लेकरू मला माझेच वाटले.

माझी एक खोड मात्र जाईना. बुंध्यातून माझा रानटी फुटवा निघे. बाई पाने मोजत; पिवळ्याच्या देठाला पाच, माझ्या रानटी देठाला सात. "सात पानांचा? आलास का चोरा!" म्हणत मुळापासून खुडून टाकत.

१९८३ च्या थंडीत बाई तापाने गेल्या. मल्हारीरावांनी सगळे डबे शेजारी वाटून टाकले. पिवळा गुलाब तेवढा ठेवला. "यात मालन हाय. हे झाड जगलं पाहिजे," ते म्हणत. रोज पाणी, शेणखत. आणि माझा फुटवा निघाला! त्यांनी त्याला काठीचा आधार दिला.

शेजारच्या भागुबाई म्हणाल्या, "भाऊ, ती खालची फांदी रानटी आहे. कापा."

"तिच्या झाडाला मी कात्री लावायचा नाय."

मित्रांनो, झाडाला आपली वाढ आवरता येत नाही. सगळा रस माझा फुटवाच पिऊ लागला. उन्हाळ्यात पिवळ्या गुलाबाची फांदी वाळून काळी पडली.

पुढच्या फाल्गुनात मला बारीक पांढऱ्या फुलांचे घोस आले. मल्हारीरावांनी भागुबाईंना हाक मारली. "पिवळी कधी येतील?"

"भाऊ, तो गुलाब गेला."

ते तिथेच ओल्या मातीत बसले. "म्हणजे मीच मारला."

मारणारा मी होतो. मला ते सांगता आले नाही.

मित्रांनो, कुणी जिवापाड जपलेले तुमच्या हाती आले, तर नुसती माया पुरत नाही. कसे जपायचे, ते माणूस असतानाच विचारून घ्या. मल्हारीराव नऊ वर्षे रोज सकाळी बाईंना अंगणात चहा आणून देत. काय खुडतेस, असे त्यांनी एकदाही विचारले नाही.