खंडेनवमीला न उठलेला शिक्का

मित्रांनो, लाकडी मुठीचा एक जुना शिक्का तुमच्याशी बोलतो आहे. नगरच्या एमआयडीसीत नृसिंहराव फवारणी पंप बनवतात. त्यांच्या कारखान्याचं नाव माझ्या रबरावर कोरलेलं आहे. नृसिंहरावांच्या सहीखाली मी उमटलो, की ती सही कारखान्याची होते. याचा मला भारी ताठा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे पाने, ड्रिल, वजनकाटा सगळे पूजेला मांडतात, आणि मलाही. एकदा मांडलं, की दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एका वर्षी मी असाच झेंडूखाली पहुडलो होतो, तेवढ्यात रामहरी आला. पंपांचे ओतीव भाग तोच पुरवायचा. कर्ज मिळालं नाही तर त्याची भट्टी बंद पडणार होती, आणि बँकेला जामीन हवा होता.

"दादा, तुमी सही केली तर लई उपकार होतील. उद्या दसरा, बँक बंद हाय."

भट्टी थांबली तर आमचे पंपही थांबणार. नृसिंहरावांनी सही केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पूजेतून कशाला उचलायचा?" ते हिशेब सांभाळणाऱ्या सुचित्राताईंना म्हणाले. "सही माझीच आहे ना?"

ताईंनी मान डोलावली. मलाही सुट्टी मोडली नाही याचं बरंच वाटलं.

पुढे रामहरीची भट्टी बसलीच. त्याचं कर्ज नृसिंहरावांनी फेडलं आणि धंद्यातलं नुकसान म्हणून आयकरात दाखवलं. तिथे माशी शिंकली. हे नुकसान मान्य झालं नाही, तर कर भरायला मागची शेड विकावी लागणार होती.

सुनावणीला मी त्यांच्या बॅगेत होतो.

"कारखान्यासाठी जामीन राहिलात, तर कारखान्याचा शिक्का कुठे आहे?" अधिकारीबाईंनी विचारलं. "ही मित्राला केलेली खासगी मदत दिसते."

"त्या दिवशी तो पूजेला मांडला होता, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. "हे मी आदेशात कसं लिहू?"

अपिलातही हरलो. शेड गेली. तिथली यंत्रं उचलताना मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण कामाच्या वेळी जरूर उचला. वर्षातून एकदा हार नाही मिळाला तरी चालेल.

यंदाच्या खंडेनवमीला ताईंनी मला पाटावर ठेवलं. पाटावरच्या पान्यांना कुंकू लावून झाल्यावर नृसिंहरावांनी मला अलगद उचललं आणि खिशात टाकलं.

"हा आज कामावर असू दे," ते म्हणाले.

त्यांच्या बोटाचं ओलं कुंकू माझ्या मुठीला लागलं. मला तेवढी पूजा पुरली.