ओस्तीचा साचा आणि गहू न सोसणारी सिस्टर

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. जाड लोखंडाच्या दोन गोल पाट्या, मध्ये बिजागरी आणि मागे दोन लांब दांडे, एवढाच माझा देह. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी फादर वेदीवर जी पांढरी, कागदासारखी पातळ भाकर उंच धरतात, ती माझ्या पोटातून निघते. तिला ओस्ती म्हणतात. वेदीवर तिचं ख्रिस्तशरीर होतं, ही माझ्या घरच्यांची श्रद्धा. माझ्यापाशी असते तोवर ती नुसता गहू आणि पाणी. मीठ नाही, साखर नाही, कसले लाड नाहीत.

मला एका लोहाराने सिस्टरांच्या मठासाठी घडवलं. माझ्या आतल्या अंगाला क्रूस आणि कोकरू कोरायचं होतं, तेही उलटं, म्हणजे भाकरीवर ते सुलट उठतं. त्या कोकराचे कान लोहाराला काही केल्या जमेनात. शेवटी झाला तो ससा! मठातल्या सिस्टर पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे, देवाला ओळखू येईल."

मग माझं काम सुरू झालं. शेगडीवर मला तापवायचं, पातळ पीठ ओतायचं आणि मिटायचं. चुर्र करून वाफ निघाली की उघडायचं. निघालेले पापुद्रे ओलसर हवेत ठेवून मऊ करायचे, नाहीतर कापताना त्यांचा चुरा होतो. मग गोल ओस्त्या कापायच्या. उरलेल्या कडा एका डब्यात जायच्या आणि शाळेतली मुलं त्यांचा फडशा पाडायची. एकदा बिशप आले आणि मला पाहून म्हणाले, "या मठाचं खरं रत्न हे!" पुढे कित्येक दिवस मी फुगून होतो. लोखंड तापलं की फुगतंच, पण हे फुगणं वेगळं होतं.

पुढे मठातल्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. सिस्टर म्हाताऱ्या झाल्या आणि नव्या मुली येईनात. फादर रविवारी पाचारणावर, म्हणजे देवाच्या हाकेवर, कळकळीने बोलायचे. आईबाप माना डोलवायचे आणि मनात म्हणायचे, हाक येऊ दे, पण शेजारच्यांच्या पोरीला! शेवटी माझ्यापाशी एकच सिस्टर उरली. कोपरापर्यंत पीठ माखलेलं असायचं, म्हणून सगळे तिला पीठसिस्टर म्हणत. तयार ओस्त्या विकत आणू आणि हा साचा माळ्यावर टाकू, अशी भाषा सुरू झाली. मला फार वाईट वाटलं. गंज चढायच्या आधीच मला म्हातारं ठरवलं होतं.

आणि मग ती आली. रसायनशास्त्र शिकलेली, हसरी, जरा आगाऊ. आईचा राग पत्करून सिस्टर व्हायला आली होती. तिला माझ्या खोलीत काम दिलं, माळ्याची भाषा मागे पडली आणि पीठसिस्टरच्या अंगात जणू वारं संचारलं. "अगं, पातळ ओत! पाहुण्याला चहा देतेयस का?" ती ओरडायची, आणि दोघी हसत सुटायच्या.

पण पोरगी वाळत चालली. पोट दुखायचं, चक्कर यायची. तोंड फिकं पडलं. पीठसिस्टरचा जीव कासावीस झाला. तिने काय करावं? कडांचा अख्खा डबा पोरीपुढे ठेवला! "खा गं बाळ, अंगात बळ येईल. माझ्या हातचं आहे, बाधायचं नाही." पोरगी त्या मायेपोटी रोज मूठ मूठ खायची आणि रोज आणखी खंगायची.

मठाच्या प्रमुख, मदर, एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शरीरच नको म्हणतंय. कदाचित देवाची हाक इथली नसेल." पोरगी मान खाली घालून ओस्त्या कापत राहिली, पण डोळ्यांतलं पाणी कडांवर टपटपत होतं. इथून घरी परत जावं लागेल, हीच तिला भीती होती.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि दुखणं सापडलं. गव्हातलं ग्लुटेन नावाचं चिकट प्रथिन तिच्या आतड्याला इजा करत होतं. घरी ताटात बहुतेक भात असायचा, म्हणून ते इतके दिवस लपून राहिलं. पीठसिस्टरने कपाळाला हात लावला. "मी पोरीला विष भरवत होते गं!"

भरपाई म्हणून तिने तांदळाच्या पिठाच्या ओस्त्या भाजल्या. फादर पाहायला आले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, या चालायच्या नाहीत."

"का? देवाला तांदळात यायला लाज वाटते?"

"देवाला नाही वाटत. पण क्रूसावर जाण्याआधीच्या शेवटच्या भोजनाला प्रभूने हातात घेतली ती गव्हाची भाकर. ते बदलायचा अधिकार मला नाही."

पीठसिस्टर रडकुंडीला आली. तेव्हा पोरगीच म्हणाली, "चर्च म्हणतं गहू हवा, डॉक्टर म्हणतात गहू नको. दोघांचंही खरं आहे. मग गव्हातलं नेमकं काय नको, ते तर पाहू."

फादरांनी चौकशी केली, डॉक्टरांशी बोलले. गव्हातलं बहुतेक ग्लुटेन धुऊन काढता येतं. अगदी थोडा अंश उरतो, तेवढ्यावर भाकर बनते, आणि तशी ओस्ती चर्चला मान्य आहे. डॉक्टरांनी त्या ओस्तीतलं ग्लुटेनचं प्रमाण तपासून होकार दिला. तीही सोसली नाही, तर मिस्सेतल्या नुसत्या द्राक्षारसातूनही ख्रिस्त पूर्ण मिळतो, असं फादर म्हणाले. मदर ऐकत होत्या. म्हणाल्या, "राहा तू. मीच घाई केली."

फक्त एक अट होती. तिच्यासाठी वेगळा साचा, वेगळी खोली. माझ्या प्रत्येक फटीत जुना गहू भरलेला, आणि माझ्या खोलीतल्या हवेतही पीठ. तिने माझ्याजवळ यायचं नाही.

मित्रांनो, मला ते लागलं. त्या पोरीमुळे माझी शेगडी पेटती राहिली, आणि तिच्याच तोंडी माझी ओस्ती जाणार नाही! पण भिंतीपलीकडून तिचं गाणं ऐकू येऊ लागलं. आवाजात पुन्हा जोर आला होता. मग मी रुसणं सोडून दिलं.

तिने सिस्टर होण्याची व्रतं घेतली त्या दिवशी साऱ्या मंडळीसाठी मीच ओस्त्या भाजल्या. तिची एक तेवढी वेगळ्या साच्यातली. मिस्सा संपल्यावर ती नवा झगा घालून माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरच थांबली. पीठसिस्टर हात पसरून धावली आणि मध्येच थबकली. हातांकडे पाहिलं. मागे फिरली, एप्रन काढून ठेवला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, कोरडं पुसलं. पोरगी तोवर दारात वाट पाहत उभी होती. मग दोघींनी एकमेकींना असं घट्ट धरलं की मदरनाही डोळे पुसावे लागले.

म्हणून सांगतो, मित्रांनो, माया करा, भरभरून करा. पण वाढण्याआधी समोरच्याला विचारा, तुला काय सोसतं? आणि उत्तर ऐकून, लागलंच तर, हात धुऊन या.